नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) उतरतोय, गवळाऊच्या कोठ्याकडे (गोठ्याकडे) बघा

गवळाऊ ही सातपुड्याच्या पायथ्याची गाय-बैलांची जात. आर्वी-कारंज्यापासून आपल्या नागपूर जिल्ह्यापर्यंत आणि पलीकडे छिंदवाडा-शिवनी-बालाघाटात तिचा पट्टा. रंग पांढरा-राखी, तोंड लांबट, शिंगं आखूड, अंग सडपातळ आणि चाल झपझप. मराठ्यांच्या फौजेचं ओझं याच बैलांनी वाहिलं. 45 अंशांतही कुटारावर (सुक्या भुशावर) भागवते. दूध मात्र एका वेताला (विण्यापासून आटेपर्यंत) साधारण 600 किलो, तेव्हा डेअरीच्या हिशेबानं पाळू नका. बैलासाठी पाळा, असं मी तरी सांगेन. कोणी विचारतं, अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय आणू का? तिच्या कातडीला तेलकट स्राव असतो, तो सह्याद्रीच्या धो-धो पावसासाठी. आपला वांधा उन्हाचा आहे.

पण काटक म्हणून लस टाळतात, तिथं घात होतो. फऱ्या हा रोग तर सहा महिने ते दोन वर्षांच्या, अंगानं भरलेल्या गोऱ्ह्यालाच आधी धरतो. मागच्या मांडीवर सूज येते, दाबली की करकर वाजते. मग फारसं हाती राहत नाही. घटसर्प (जनावरांचा गळसुजीचा रोग) आणि फऱ्याची लस आत्ताच टोचून घ्या, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. टोचल्यावर दोन-तीन दिवस वखराला जुंपू नका. जंताचं औषध त्याआधी देऊन ठेवा.

दुसरी गोष्ट ज्वारीची. पहिला पाऊस पडून उघडीप झाली, की जुन्या खुटांना हिरवीगार पालवी फुटते. तीन वर्षांमागे माझा गोऱ्हा दावं तोडून शेजारच्या धुऱ्यावर (बांधावर) गेला, चार घास खाल्ले असतील. घरी आणेतो धापा टाकत आडवा झाला. डॉक्टर गावातच होते, शिरेतून इंजेक्शन दिलं म्हणून वाचला. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं. फुलोऱ्यावर येईपर्यंत तिकडं जनावर फिरकू देऊ नका.

कोठ्यात मुरूम टाकून उतार काढा. भिंतीच्या भेगा लिंपा, गोचीड तिथंच अंडी घालते. कुटार उंचावर, ताडपत्रीखाली ठेवा. बुरशी आलेलं टाकून द्या. आणि गाय माजावर आली की गवळाऊचंच वीर्य मागा. दवाखान्यात नसेल, तर चार दिवस आधी सांगून ठेवलेलं बरं.