काबुकीतली 'स्त्री' : छापचित्र ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

किमोनो, अंबाड्यात कंगवा, नाजूक बोटं एवढं दिसलं की लोक लाकडी ठशांच्या जुन्या जपानी छापचित्रावर 'जपानी सुंदरी' अशी चिठ्ठी लावून मोकळे होतात. पण ते स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाचं, म्हणजे ओन्नागाताचं, चित्र असू शकतं. काबुकी म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक; त्याच्या रंगमंचावर १६२९ मध्ये बायकांना आणि १६५२ मध्ये कोवळ्या पोरांना बंदी झाली. मग नटांना डोक्याचा पुढचा भाग भादरावा लागे, आणि ती जागा ओन्नागाता जांभळ्या कापडाच्या तुकड्याने झाकत. म्हणून चेहरा नंतर, कपाळाच्या वरची जागा आधी पाहा. तुकडा नसला म्हणून मात्र लगेच 'बाई' ठरवू नका. १९व्या शतकातल्या पुष्कळ चित्रांत तो दिसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. १८व्या शतकात हा जांभळा रंग बहुधा दोन वनस्पतींच्या रंगांतून करत: निळा आपल्या केण्याच्या जातभाईच्या फुलाचा, गुलाबी करडईच्या फुलाचा. दोन्ही उजेडात उडतात. मग तो तुकडा मळकट करडा किंवा तपकिरी होतो आणि कपाळावर घाण बसल्यासारखी वाटते. ओल्या कापसाने पुसायला जाऊ नका. तो निळा पाण्यात विरघळतो. एका पुसण्यात नटाची खूणच जाते.

प्रत्येक जांभळी पट्टी हा तो तुकडा नव्हे. डोक्याभोवती बांधून गाठ डाव्या बाजूला असेल, तर ते पात्र आजारी आहे. काबुकीतला नायक सुकेरोकू याची गाठ उजवीकडे असते, तो तर ठणठणीत पुरुष!

नट ओळखायला बाहीवरचं कुलचिन्ह पाहा. सेगावा किकुनोजो घराण्याचं रेशमाच्या तंतूंच्या जुडीचं, इवाई हानशिरोचं तीन पंख्यांचं. मात्र चिन्हावरून घराणं कळतं, पिढी नाही, कारण नाव वारशाने पुढे जातं. पिढीसाठी काळ हवा. सरकारी तपासणीचा गोल 'किवामे' शिक्का १७९१ ते १८४२ दरम्यानचा. नटांच्या चित्रांवरच्या १८४२ च्या बंदीनंतर काही वर्षं नटांची नावं छापलीच जात नव्हती, तेव्हा नाव नाही म्हणून चित्र नकली ठरवू नका. आणि १८४४ नंतरची 'तोयोकुनी' ही सही बहुधा चित्रकार कुनिसादाची असते, त्याच्या गुरूची नव्हे.

भिंगाखाली छापखान्याचे बारीक ठिपके दिसले, तर लाकडी ठशांचं चित्र नाही, विषय संपला. पण ठिपके नाहीत म्हणून ते जुनं ठरत नाही. शाराकू या चित्रकाराची १७९४ ची चित्रं नव्याने ठसे कोरून पुन्हा पुन्हा छापली गेली आहेत, त्यात शिक्केही हुबेहूब उतरतात. म्हणून शाराकूच्या चित्रात जांभळा कोरा करकरीत दिसला, तर आधी शंका घ्या.

टांगायचं असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवा आणि काही महिन्यांनी चित्र पेटीत विसावू द्या. काच कागदाला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात टेकलेल्या जागी ओल धरून बुरशी येते. चिकटपट्टी किंवा फेव्हिकॉल अजिबात नको. मागून वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या घट्ट खळीने लावा. खळ पातळ झाली तर पाणी कागदातून पुढे झिरपतं आणि तिथला निळा पसरतो.