सहीची बॅट किंवा जर्सी तपासून घेताना या चुका टाळा

बहुतेक जण आधी सहीवर भिंग धरतात. पहिली चूक तीच. आधी वस्तू त्या काळातली आहे का ते बघा, सहीकडे नंतर वळा.

‘१९८३ च्या अंतिम सामन्यातली’ म्हणून निळी जर्सी आली तर पुढे काही तपासायला नको. तो विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने खेळला गेला. रंगीत कपडे १९९२ च्या विश्वचषकात आले. बॅटचंही तसंच. आज नियमाप्रमाणे कड ४० मिमीपर्यंत जाड चालते, पण ८३ सालच्या बॅटच्या कडा कितीतरी पातळ असत. ‘सगळ्या संघाच्या सह्या’ असं सांगितलं तर नावं मोजा. संघ १४ जणांचा होता आणि एकही सामना न खेळलेले सुनील वॉल्सन त्यात होते. यशपाल शर्मा १३ जुलै २०२१ रोजी गेले, त्यामुळे त्यानंतरच्या कार्यक्रमात १४ जणांनी सह्या केल्याची कथा टिकत नाही.

जुन्या कागदावर शाई बोलते. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या सी. के. नायडूंच्या संघाची सह्यांची पत्रिका बॉलपेनने केलेली असेल तर ती बनावट, कारण बॉलपेन बाजारात रुळलं ते १९४० च्या दशकाच्या मध्यापासून. अंधारात अतिनील टॉर्च मारून बघा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात सर्रास आली ती १९५० च्या सुमारास. कागद चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता सही. १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. बारीक ठिपके दिसले तर ती छापलेली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेष एकाच जाडीची आणि दोन्ही टोकं बोथट असतील तर यंत्राने केल्याचा संशय घ्या. बॅटच्या उघड्या विलो लाकडावर मार्करची शाई लाकडाच्या रेषांत थोडी पसरते, हे खरेपणाचं लक्षण नसलं तरी छापलेली नसल्याचं आहे. तुमच्याकडची सही इंटरनेटवरच्या एखाद्या सहीशी तंतोतंत जुळली तर आनंदू नका. एकच माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही, म्हणजे ती गिरवलेली असण्याची शक्यता जास्त.

‘सामन्यात वापरलेली’ बॅट असेल तर स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर बदलतात. लाकडाच्या रेषा बदलत नाहीत. त्या सामन्याचा स्पष्ट फोटो मिळवून रेषांची संख्या, त्यांचं वळण आणि गाठी जुळवा. दाव्याला यापेक्षा भक्कम आधार क्वचितच मिळतो.

प्रमाणपत्र आणि होलोग्राम यांचीही नक्कल होते. विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचाच शब्द. प्रमाणपत्रावर किंवा होलोग्रामवर नंबर असेल तर तो देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि तिथला फोटो वस्तूशी ताडा. खरा नंबर दुसऱ्या वस्तूला चिकटवलेला सापडतो. वस्तू कुठून आली याचे पुरावे (पत्र, तिकीट, सही घेतानाचा फोटो) सोबत ठेवा.

किंमत काढताना ऑनलाइन ‘मागितलेली’ किंमत धरू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्याची धरा. त्यातही बोलीवर खरेदीदाराकडून घेतलेला अधिभार मिळवलेला आहे का ते विचारा, कारण तो तुमच्या हाती येत नाही. विम्यासाठीची किंमत आणि विक्रीची किंमत वेगळी असते. कोणती हवी ते आधीच सांगा. किंमत सांगणाराच ती वस्तू विकत घ्यायला बघत असेल किंवा किमतीच्या टक्क्यांत फी मागत असेल, तर दुसरा जाणकार शोधा.

तपासणीआधी काहीही पुसू नका. जवसाचं तेल लावलं तर शाई ओघळते, वॉर्निशने मार्कर विरघळतो, लॅमिनेशन केलेला कागद परत मोकळा होत नाही. फिकट झालेली सही पुन्हा गिरवली तर ती खरी असूनही संपली.

७५ वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं आणि १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतात. तसं काही परदेशी लिलावाला पाठवायचं असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.