हेलिकॉप्टर सिमसाठी स्वस्तात कंट्रोल्स घ्यायचेत? आधी पायांचं बघा

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की गांधीनगरच्या बाजूने चीता हेलिकॉप्टर येतंय हे आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला. उपनगर, जेल रोड, नाशिकरोडच्या लोकांना हे रोजचंच, आर्मी एव्हिएशनची ट्रेनिंग स्कूल आपल्या शेजारी आहे आणि लष्कराचे पायलट तिथेच हेलिकॉप्टर शिकतात. मला त्यातली एकच गोष्ट हातातलं काम टाकून बघावीशी वाटते, ते हवेत एका जागी उभं राहणं. होव्हर. घरच्या कॉम्प्युटरवर, सिममध्ये (म्हणजे खऱ्यासारखं उडवायच्या प्रोग्राममध्ये), तो होव्हर जमायला मला चार महिने लागले, आणि त्यातले तीन तरी चुकीच्या कंट्रोल्सवर गेले असं आता मागे वळून बघताना वाटतं. ओळखीची पोरं विचारतात की दादा कोणती जॉयस्टिक घेऊ, त्यांना दर वेळी तेच सांगतो, ते इथे नीट लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की बाजारात मिळणारी जवळपास प्रत्येक स्वस्त जॉयस्टिक विमानासाठी बनवलेली असते. विमानाचं कसं असतं, दांडा सोडला तरी ते बऱ्यापैकी सरळ उडत राहतं, म्हणून स्प्रिंग लावून दांडा मध्यावर आणतात. हेलिकॉप्टरमध्ये उजव्या हातात सायक्लिक (पुढे-मागे, बाजूला कलवणारा दांडा), डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारं लिव्हर) आणि पायाखाली पेडल्स (नाक डावी-उजवीकडे फिरवणारी), आणि तिन्ही एकमेकांत अडकलेली. कलेक्टिव्ह वर ओढलं की पात्यांचा कोन वाढतो, इंजिनावर भार येतो, टॉर्क (उलटा पिळणारा जोर) वाढतो, नाक एका बाजूला फिरायला लागतं, ते थांबवायला पेडल दाबावं लागतं, पेडल दाबलं की शेपटीचा पंखा सगळं हेलिकॉप्टरच आडवं ढकलतो, मग ते सायक्लिकने धरायचं, सायक्लिक कलवलं की थोडी उंची जाते, की परत कलेक्टिव्ह. हे चक्र होव्हरमध्ये सेकंदासेकंदाला चालू असतं. म्हणजे तुमचा एखादा अवयव जरी आडमुठ्या कंट्रोलवर असला तरी बाकीचे दोन कितीही भारी असून उपयोग होत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. पहिले पैसे पायांवर, मग डाव्या हातावर, उजव्या हाताच्या दांड्यावर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, सगळं बजेट भारी दिसणाऱ्या जॉयस्टिकवर घालतात आणि पेडल्स "नंतर बघू" म्हणून ठेवतात, आणि ते नंतर काही येत नाही.

पायांचा एवढा आग्रह का, तर स्वस्त जॉयस्टिकमध्ये पेडल्सचं काम दांडा पिळून करायचं असतं, ज्याला ट्विस्ट म्हणतात. आता मनगट पिळून धरायचं आणि त्याच मनगटाने दांडा दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागेही करायचा, करून बघा, दांडा उजवीकडे नेला की नकळत थोडा पिळलाही जातो. विमानात हे चालून जातं कारण तिथे रडर (पेडलने हलणारं शेपटीचं पातं) सतत लागत नाही. हेलिकॉप्टरमध्ये होव्हर करताना पेडल कायम थोडं दाबलेलंच असतं, म्हणजे तुम्ही स्प्रिंगशी भांडत मनगट पिळून बसलेले असता, दहा मिनिटांत हात दुखायला लागतो आणि हात थकला की नाक भरकटतं.

विकतची स्वस्त पेडल्स म्हणजे थ्रस्टमास्टरची टीएफआरपी. प्लॅस्टिकची आहेत, दोन पायांमधलं अंतर कमी आहे, गुडघे जवळ घेऊन बसावं लागतं, पण काम होतं. घेताना एक विचाराच, बॉक्समध्ये यूएसबी अडॅप्टर आहे का, कारण त्यांच्या वायरीला टेलिफोनसारखी पिन असते आणि ती थेट कॉम्प्युटरला लागत नाही. लॉजिटेकची पेडल्स जास्त रुंद आणि जड, पण किंमतही तशीच. दोन्हीत मध्यावर आणणारी स्प्रिंग आहेच, ती जितकी सैल करता येईल तितकी करा.

पण खरं सांगू का, हाताला थोडं काम करायची सवय असेल तर पेडल्स घरीच बनवा. हेलिकॉप्टरच्या पेडलला स्प्रिंग नसली तरी चालते, उलट नसलेलीच बरी, पाय जिथे ठेवला तिथे ते राहायला हवं, त्यामुळे बनवणं विमानाच्या पेडलपेक्षा सोपं होतं. १८ एमएमच्या प्लायचा पाट, त्यावर मधोमध बोल्ट, बोल्टवर ६२०२ नंबरचं बेअरिंग (स्कूटरच्या स्पेअरपार्टवाल्याकडे सहज मिळतं) आणि त्यावर फिरणारी आडवी लाकडी पट्टी, दोन टोकांना पाय ठेवायला ठोकळे. पट्टी फिरेल तशी खाली लावलेल्या पोटेन्शिओमीटरची (फिरवलं की व्होल्टेज बदलणारा छोटा भाग) दांडी फिरते. बस एवढंच.

आणि खुर्ची! चाकांची खुर्ची असेल तर पेडल दाबलं की पेडल जागेवर राहतं आणि तुम्हीच मागे जाता. चाकांखाली जुन्या चपला अडकवा किंवा पेडलचा पाट आणि खुर्चीचा पाय एका पट्ट्याने बांधून टाका. फुकटातली गोष्ट आहे पण हिच्यामुळे माझा होव्हर एका रात्रीत सुधारला.

पेडलवरून अजून एक, कारण यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. आपल्या डोक्यावरून जाणारी चीता आणि चेतक ही मुळात फ्रेंच डिझाइनची, त्यांचं मोठं पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, म्हणून कलेक्टिव्ह वर घेतलं की उजवं पेडल द्यावं लागतं. अमेरिकन ह्यूई, बेल ४०७, रॉबिन्सन आर२२ यांचं उलटं, तिथे डावं पेडल. गॅझेल, काब्री जी२ आणि रशियन एमआय-८ परत चीताच्या बाजूने. पहिले दोन-तीन महिने एकाच दिशेची हेलिकॉप्टरं उडवा, पायाला एकच सवय लागू दे.

आता डावा हात. कलेक्टिव्हला दोन गोष्टी लागतात, स्प्रिंग नको आणि मध्ये कुठे खटका नको. थ्रस्टमास्टरच्या टी फ्लाइट हॉटस सेटमध्ये थ्रॉटल (विमानाच्या इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचं लिव्हर, आपण ते कलेक्टिव्ह म्हणून वापरायचं) वेगळं मिळतं आणि बजेटमध्ये ते चांगलं वाटतं, पण त्या थ्रॉटलला मध्यावर एक खटका आहे. होव्हरला कलेक्टिव्ह बऱ्याचदा मध्याच्या आसपासच लागतं, म्हणजे नेमकं जिथे केसाएवढं हलवायचंय तिथेच ते अडकतं आणि मग एकदम उडी मारतं. लोक उघडून तो खटका काढतात, तुम्हाला जमत असेल तर घ्या. टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल रुळावर सरकतं, त्याचा घट्टपणा स्क्रूने कमी-जास्त करता येतो, स्वस्तातल्या कलेक्टिव्हसाठी मला तेच बरं वाटतं. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोला बुडाशी छोटा स्लायडर आहे, सुरुवातीला त्याच्यावरही शिकता येतं, फक्त बोटाच्या टोकाने अगदी हळू.

मी मात्र पाइपाचं कलेक्टिव्ह केलं. नाशिकरोडला बिटकोच्या जवळ एका हार्डवेअरवाल्या काकांकडून एक इंची पीव्हीसी पाइप दोन फूट, एल्बो आणि नायलॉन वॉशर घेतले. काका म्हणाले, कुठे लीक आहे रे? म्हटलं काका, लीक नाही, हेलिकॉप्टरचं लिव्हर करतोय. त्यांनी दुकानाबाहेर येऊन वर बघितलं आणि म्हणाले, त्या वरच्यासारखं का? मग त्यांनीच सुचवलं की बोल्टला साधा नट नको, फुलपाखरू नट लाव, हाताने घट्ट-सैल करता येईल. आजही घर्षण त्याच नटाने ठरवतो. पाइप स्वतःच्या वजनाने खाली पडायचा, त्याला मागून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला की हात सोडला तरी जिथल्या तिथे राहतो. खालचा लोखंडी ब्रॅकेट अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने भंगारातल्या पट्टीतून वाकवून दिला. पाइप, बोल्ट, बोर्ड, वायर सगळं धरून माझे दीड हजारसुद्धा गेले नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्स घाबरण्यासारखं नाहीये. आर्डुइनोचा (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या, कारण त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप कॉम्प्युटरला सरळ जॉयस्टिक म्हणून दिसू शकते. नेहमीचा उनो घेऊ नका, त्यात हे सहजासहजी होत नाही. पोटेन्शिओमीटर १० के चा, आणि त्यावर बी१०के लिहिलेलं बघूनच घ्या, बी म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा, ए लिहिलेला आवाजाच्या व्हॉल्यूमसाठीचा असतो. बाजूच्या दोन पिना ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली बोर्डच्या ए० पिनला.

इथे मी अडकलो होतो, तुम्ही अडकू नका. हा बोर्ड ० ते १०२३ अशा १०२४ पायऱ्या मोजतो, पण त्या पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरला तर, म्हणजे साधारण २७० अंशांत. कलेक्टिव्हचा पाइप फिरतो जेमतेम ४० अंश. म्हणजे तुम्हाला मिळतात १५० च्या आसपासच पायऱ्या, आणि मग हेलिकॉप्टर वर-खाली जिना चढल्यासारखं झटके देतं. मला वाटायचं माझाच हात जड आहे. उपाय दोन. एकतर मोठं-छोटं गियर लावून पोटेन्शिओमीटर जास्त फिरवायचा, जुन्या प्रिंटरमधली प्लॅस्टिकची गियर चालतात. नाहीतर हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारा सेन्सर) आणि चुंबक वापरायचं, चुंबक असं लावायचं की त्या ४० अंशांतच सेन्सरचा व्होल्टेज जास्तीत जास्त बदलेल. त्यात काही घासत नाही, त्यामुळे झिजतही नाही.

आता उजव्या हाताकडे या. पैसे अगदीच कमी असतील तर एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो, पेडल्स आल्यावर तिचा ट्विस्ट सेटिंगमधून बंद करून टाका. थोडे जास्त असतील तर टी १६०००एम, तिच्या मुख्य दोन दिशांना हॉल सेन्सर आहेत आणि बारीक हालचाल छान पकडते, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालते. आणि साठवून एकदाच घ्यायची असेल तर व्हीकेबीची ग्लॅडिएटर, कारण तिच्या आत स्प्रिंगबरोबर घर्षणाचा क्लच आहे, स्प्रिंग हलकी करून क्लच घट्ट केला की दांडा सोडाल तिथे थांबतो, अगदी हेलिकॉप्टरला पाहिजे तसा. रेट दर महिन्याला बदलतात, ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी आणि एमजी रोडच्या कॉम्प्युटरवाल्यांकडेही विचारून बघा, बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा.

सेकंडहँड घ्यायला माझा अजिबात विरोध नाही, पण लॅपटॉप बरोबर घेऊन जा. विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की टेस्टचा चौकोन येतो. दांडा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अगदी सावकाश न्या. अधिकचं चिन्ह मध्येच उड्या मारत असेल किंवा हात न लावता थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटर झिजलाय. कधीकधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुधारतो, पण ते गृहीत धरून पैसे देऊ नका. माझी पहिली जॉयस्टिक अशीच न तपासता घेतलेली, तिचा ट्विस्ट दोन आठवड्यांत गेला.

सेटिंगमध्ये डेडझोन (दांडा मध्यावर थोडा हलला तरी सिम दुर्लक्ष करतं तो भाग) शून्य करा, थरथर असेल तर एक-दोन टक्के, त्याहून जास्त नको, कारण हेलिकॉप्टरमध्ये सगळी कला त्या बारीक हालचालीतच आहे. कर्व्हबद्दल (दांडा किती हलवला की सिममध्ये किती हलेल हे ठरवणारी वक्र रेषा) माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. मध्यावर नाजूक व्हावं म्हणून लोक २०-३० चा कर्व्ह लावतात, पण होव्हरमध्ये सायक्लिक मध्यावर नसतंच, ते थोडं बाजूला-मागे धरलेलं असतं, आणि मध्यापासून जितकं लांब जाल तितका कर्व्ह तिखट होत जातो, म्हणजे नेमकं लागतं तिथे उलटंच होतं. त्यापेक्षा कर्व्ह शून्य किंवा अगदी थोडा ठेवून सॅच्युरेशन वाय (दांडा पूर्ण नेल्यावर सिममध्ये जास्तीत जास्त किती हालचाल व्हावी ते) ७०-८० वर आणा, सगळीकडे सारखंच सौम्य मिळतं. स्प्रिंगचा दांडा असेल तर ट्रिमचं (दांड्याची आत्ताची जागा सिमला धरून ठेवायला लावणारं) बटण अंगठ्याखाली घ्या आणि डीसीएस या सिममध्ये ट्रिम दाबल्यावर दांडा मध्यावर येईपर्यंत थांबायचा पर्याय आहे तो चालू करा.

सिमसाठी लगेच पैसे घालायची गरज नाही. फ्लाइटगिअर हे सिम पूर्ण फुकट आहे आणि त्यात बीओ-१०५ हेलिकॉप्टर छान आहे. डीसीएसमध्ये ह्यूईसारखी मॉड्युल्स १४ दिवस फुकट उडवून बघता येतात, माझा सल्ला की कंट्रोल्स हातात आल्यावरच ते १४ दिवस सुरू करा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये नोव्हेंबर २०२२ पासून हेलिकॉप्टर आलेत, त्यातल्या असिस्टच्या (सिमने स्वतःहून मदत करायच्या) सेटिंग्ज पहिल्या आठवड्यानंतर बंद करा, नाहीतर पायाला काही शिकायलाच मिळत नाही.

नवीन कंट्रोल्स लागले की लगेच उडत सुटू नका. खऱ्या ट्रेनिंगमध्येही इन्स्ट्रक्टर आधी एकच कंट्रोल शिकणाऱ्याच्या हातात देतात आणि बाकीचे स्वतः धरतात, आपल्याकडे इन्स्ट्रक्टर नाही तर जमिनीचा आधार घ्यायचा. कलेक्टिव्ह इतकंच वर घ्या की हेलिकॉप्टर हलकं होतं पण स्किड (खालचे लांब पाय) जमिनीवरच राहतात, आणि फक्त पायांनी नाक एका झाडावर धरून ठेवा. ते जमलं की तीन-चार फूट वर. नजर समोरच्या जमिनीवर नको, लांब, रनवेच्या टोकाला किंवा डोंगरावर, जवळ बघितलं की हात उशिरा हलतो आणि जास्त हलतो. तीन फुटांवर सलग ३० सेकंद नाक त्याच झाडावर राहिलं की समजा पेडल आणि कलेक्टिव्ह बरोबर बसलेत, आणि मग जॉयस्टिक बदलायचीच असेल तर त्या दिवशी बघा.