बजरीगरांची वीण : मडके केव्हा टांगावे आणि केव्हा उतरवावे

बजरीगर या लहान पोपटांची धडधाकट जोडी पिंजऱ्यात वर्षभर राहूनही सहसा अंडी घालत नाही. मात्र त्याच पिंजऱ्यात मडके टांगले की थोड्याच दिवसांत मादी त्यात डोकावू लागते. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. तेथे पाऊस पडून गवताला बी धरले की ते निलगिरीच्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून त्यांच्या असंख्य पिढ्या पिंजऱ्यात वाढल्या, तरी मुबलक दाणे आणि अंधारी पोकळी एकत्र मिळाली की विणीची वेळ झाली, ही त्यांची समजूत कायम आहे. त्यामुळे वीण हवी की नको हे पाळणाऱ्याच्याच हाती असते, आणि पिल्ले कोणाला द्यायची हे ठरलेले नसेल तर मडके आणूच नये.

आपल्याकडच्या दुकानांत हे पक्षी बहुधा ‘लव्हबर्ड’ म्हणूनच मागितले जातात. ते परदेशी असल्यामुळे पाळता येतात. आपला हिरवा पोपट, मुनिया किंवा मैना पाळणे मात्र १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग तो पोपट आजोबांच्या काळापासून घरात असला तरीही. खरेदी करताना चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची मऊ पट्टी पाहावी. वयात आलेल्या नराची पट्टी निळी असते, तर मादीची फिकट पांढरट, आणि विणीच्या काळात ती तपकिरी व खरबरीत होते. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या नरांत ती गुलाबी-जांभळीच राहते, म्हणून तेथे विक्रेतेही फसतात. कपाळावरच्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतील तर तो पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला आहे. त्याची जोडी लावण्यास वर्षभर तरी थांबावे. नवे पक्षी महिनाभर जुन्यांपासून वेगळे ठेवावेत.

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण बजरीगर आडवे उडतात. गजांमधले अंतर १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दांड्या घट्ट बसवाव्यात. दांडी डगमगली तर मीलन नीट होत नाही आणि अंडी निर्बीज निघतात. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये, कारण नॉनस्टिक तवा अति तापल्यावर निघणाऱ्या वाफेने हे पक्षी काही मिनिटांत मरतात. एकटी जोडी अनेकदा विणीला लागतच नाही, कारण इतर जोड्यांची किलबिल कानी पडल्याने त्यांना चेतना मिळते. मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील तर जोड्यांपेक्षा मडकी जास्त ठेवावीत, सगळी एकाच उंचीवर टांगावीत आणि जोडीविना मादी आत ठेवू नये. मडक्यासाठी माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात.

बाजरी आणि राळे हा रोजचा आहार. सूर्यफुलाचे बी चवीपुरतेच द्यावे, नाहीतर पक्षी लठ्ठ होतात. विणीच्या आधी दोन-तीन आठवडे कोथिंबीर, पालक, कोवळे मक्याचे कणीस, मोड आलेली बाजरी आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा सुरू करावा. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम अडकवलेला हवा, कारण कॅल्शियम कमी पडले की मादीच्या पोटात अंडे अडकते. अशी मादी पिसे फुलवून तळाशी बसते आणि जोर काढत राहते. तिला दिव्याची ऊब देऊन तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबण्याचा घरगुती उपाय करू नये.

महाराष्ट्रात मडके दसऱ्यानंतर टांगावे आणि होळीच्या सुमारास उतरवावे, असे माझे मत आहे. त्यानंतरच्या उन्हात कोंदट मडक्यातली पिल्ले हैराण होतात आणि पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते. मडक्याचा तळ खोलगट असावा. सपाट तळावर अंडी घरंगळतात आणि पिल्लांचे पाय फाकतात, ते पुढे सहसा सरळ होत नाहीत. गवत किंवा कापूस भरण्याची गरज नाही, थोडा लाकडाचा भुसा पुरे.

मादी एका आड एक दिवस अशी चार ते सहा अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर तिला बाहेरून भरवतो. आठवड्यानंतर अंडे बारीक टॉर्चवर धरले तर आत लाल शिरांचे जाळे दिसते. प्रत्येक अंडे साधारण अठरा दिवसांनी फुटते, त्यामुळे सहा पिल्लांत थोरले आणि धाकटे यांच्यात दहा दिवसांचेही अंतर पडते. येथे रोजची नजर सर्वांत महत्त्वाची. मादी खायला बाहेर आली की मडके पाहावे. धाकट्याच्या गळ्याखालची थैली भरलेली दिसली तर चिंता नाही. ती रिकामी असेल आणि दुसऱ्या जोडीकडे त्याच वयाची पिल्ले असतील तर त्याला तिकडे सरकवावे, बहुतेक माद्या स्वीकारतात. पायांना आणि चोचीच्या आत चिकटलेली विष्ठा कोमट पाण्याने भिजवून काढावी. ओळखीसाठी पायात क्रमांकाची कडी घालायची असल्यास ती पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान घालावी.

पाचव्या आठवड्यात पिल्ले बाहेर येतात. तोवर मादीने पुन्हा अंडी घातलेली असण्याचा संभव असतो आणि मडक्यात परतणाऱ्या पिल्लांना ती टोचते. नर त्यांना भरवतच असतो, म्हणून ती स्वतः बी फोडून खाताना दिसल्यावर काही दिवसांनीच वेगळी करावीत. दोन विणी झाल्या की मडके उतरवावे, अंड्याचा चुरा बंद करावा आणि जोडीला पुढच्या हंगामापर्यंत विश्रांती द्यावी. भावंडांची आपसांत जोडी लागू नये म्हणून कडीचा क्रमांक आणि आईबाप वहीत लिहून ठेवावेत. जी पिल्ले कोणी नेली नाहीत ती ठेवून घ्यावी लागतात, कारण उघड्यावर सोडलेला बजरीगर कावळ्यांच्या तावडीतून क्वचितच सुटतो.