विकिपीडियावरचा उत्पात आणि आपापसातले वाद कसे हाताळावेत

गावाच्या लेखात रात्रीतून कुणीतरी सरपंचांबद्दल घाणेरडे वाक्य घालून गेलेले असते. सकाळी ते दिसताच राग येतो आणि बोट थेट ‘उलटवा’वर, म्हणजे बदल रद्द करणाऱ्या दुव्यावर, जाते. ते बोट दोन मिनिटे आवरा. दिसणारे वाक्य हा शेवटचा बदल असतो. त्याच्या आधीच्या दोन-चार बदलांत काय होऊन गेले, हे अजून तुम्ही पाहिलेले नसते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून स्वयंसेवकांच्याच जिवावर चालतो. लेखात मुद्दाम केलेल्या नासधुशीला तिथे ‘उत्पात’ म्हणतात. तो निस्तरणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. अवघड असते ते उत्पात कोणता, चूक कोणती आणि निव्वळ मतभेद कोणता हे ओळखणे.

आधी इतिहास उघडा

लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असते. कोणी, कधी, किती मजकूर घातला किंवा काढला, हे तिथे ओळीने दिसते. लॉग-इन न करता बदल करणाऱ्याच्या नावाच्या जागी आकडे दिसतात. केवळ आकडे दिसले म्हणून संशय घेऊ नका; कितीतरी चांगली भर अशाच लोकांनी घातलेली आहे.

यादीत मागे मागे जात शेवटची धड आवृत्ती शोधा. ती आणि आताची आवृत्ती निवडून दोहोंतला फरक पाहा. इथे नवखे हमखास फसतात. उत्पात करणारा बहुतेकदा एका बदलावर थांबत नाही. एक परिच्छेद उडवतो, मग शिवी घालतो. त्यानंतर एखादा सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारे खाते, येऊन लेखाचे विषयवार वर्ग नीट लावून जातो. वरवर पाहता शेवटचा बदल निरुपद्रवी दिसतो आणि उडालेला परिच्छेद महिनोन् महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

एकच बदल बिघडलेला असेल तर ‘उलटवा’ पुरते. सलग अनेक असतील तर धड असलेली जुनी आवृत्ती उघडा, संपादन करा म्हणा आणि तशीच जतन करा. मात्र मधल्या काळात कुणी चांगली भर घातली असेल तर तीही पुसली जाते. ती आधी बाजूला उतरवून घ्या आणि नंतर परत घाला. दुसऱ्याची मेहनत आपल्या घाईत जाऊ देऊ नये.

उत्पात की चूक?

लेखाच्या मधोमध ‘ठळक मजकूर’ असे दोनच शब्द दिसले तर तो उत्पात नव्हे. नव्या माणसाने संपादन खिडकीतले बटण दाबून पाहिलेले असते. अर्धे वाक्य गायब असेल तर मोबाइलवर बोट घसरलेले असू शकते. शिवीगाळ, पानच्या पान रिकामे करणे, जिवंत माणसाला मेलेला दाखवणे हा उघड उत्पात.

सगळ्यात घातक असतो तो आकड्यांचा गुपचूप बदल. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. त्यातल्या सहाचा कुणी सात केला तर वाचणाऱ्याला कळणार कसे? म्हणून आकडा, जन्मसाल, आडनाव किंवा जात बदललेली दिसली की लेखातला संदर्भ उघडून ताडून पाहा. २००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सीगेंथेलर यांच्या इंग्रजी चरित्रलेखात त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारा खोटा मजकूर घातला गेला आणि तो चार महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला. जिवंत माणसाबद्दलच्या बिनसंदर्भ, बदनामीकारक वाक्याला एक दिवसही मुदत देऊ नका. आधी काढा, मग चर्चा करा.

माझ्या हातून एकदा उलटा अन्याय झाला. एका तालुक्याच्या गावाच्या लेखात आठवडी बाजाराचा ‘मंगळवार’ खोडून कुणीतरी ‘शनिवार’ केला. संदर्भ नाही, लॉग-इन नाही. मी दोनदा ‘उत्पात’ असा शेरा मारून उलटवले. तिसऱ्या वेळी चर्चा पानावर (प्रत्येक लेखाला आणि सदस्याला जोडलेले, बोलण्यासाठीचे पान) ओळ आली: ‘मी या बाजारात भाजी घेऊन बसतो. बाजार शनिवारीच भरतो.’ मी पुन्हा लेख पाहिला तेव्हा लक्षात आले की मी परत आणत होतो त्या मंगळवारालाही संदर्भ नव्हताच. मी क्षमा मागितली, पण तो माणूस पुन्हा आला नाही. गावाबद्दल त्याच्याइतके सांगू शकणारा दुसरा कोण मिळणार होता?

शेरा आणि निरोप

उलटवताना संपादन सारांशात, म्हणजे जतन करण्याआधीच्या छोट्या चौकटीत, कारण लिहा. ‘उत्पात’ हा शब्द खात्री असेल तेव्हाच वापरा. एरवी ‘संदर्भाशी जुळत नाही’ किंवा ‘परिच्छेद का वगळला ते कळले नाही, चर्चा पानावर सांगावे’ एवढे बास.

नवख्याच्या चर्चा पानावर लाल त्रिकोणाचा सूचना-साचा (आधीच तयार असलेला मजकूर) डकवण्यापेक्षा स्वतःच्या हाताने चार ओळी लिहा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. तुम्ही अमुक लेखात केलेला बदल मी तूर्त मागे घेतला आहे, कारण त्याला संदर्भ दिसला नाही. वर्तमानपत्र, पुस्तक किंवा सरकारी अहवालाचा दाखला असेल तर कळवा, मी तो जोडायला मदत करतो. सरावासाठी तुमची धूळपाटी आहे, तिथे काहीही करून पाहा.’

शेवटी चार नागमोडी रेघा (~~~~) टाका, म्हणजे सही आणि वेळ उमटते. सल्ला एका वेळी एकच द्या. पहिल्याच दिवशी दहा धोरणांचे दुवे हातात आलेला माणूस पळून जातो.

तोच माणूस सांगूनही थांबत नसेल तर प्रचालकांना, म्हणजे जास्तीचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना, कळवा. आरोपांची माळ लावू नका, बिघडलेल्या बदलांच्या फरकाचे दुवे द्या. लेख काही काळ सुरक्षित करायचा की खात्यावर प्रतिबंध घालायचा, ते प्रचालक ठरवतील. उत्पात करणाऱ्याला डिवचू नका, त्याच्या पराक्रमाची यादीही मिरवू नका; लक्ष वेधणे हाच बहुधा त्याचा हेतू असतो.

कुणाचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता टाकलेला असेल तर मात्र उलटवून भागत नाही, कारण तो इतिहासात राहतो. प्रचालकाला किंवा मेटा-विकी या सगळ्या विकींच्या सामाईक संकेतस्थळावरच्या स्टुअर्डना, म्हणजे सर्व विकींवर अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना, खासगी ई-मेलने कळवा. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या खुल्या चर्चेच्या पानावर, लिहिलेत तर आणखी शंभर जण तो नंबर पाहतील.

दोघेही भले, तरी भांडण

खरा कस इथे लागतो. समोरचाही तुमच्यासारखाच रात्री जागून लिहिणारा असतो.

मराठीतला न संपणारा वाद म्हणजे आदरार्थी बहुवचन. ‘न्यूटन शास्त्रज्ञ होता’ की ‘होते’? इंग्रजीत हा प्रश्न उभाच राहत नाही. आपल्याकडे क्रियापद एकेरी केले की वाचकाला अपमान वाटतो, आणि नावामागे-पुढे तीन-तीन उपाध्या लावल्या की दुसऱ्याला तो विश्वकोश वाटत नाही. माझे मत असे की क्रियापद आदरार्थी ठेवावे, कारण ते मराठीचे सहज वळण आहे. ‘थोर’, ‘महान’, ‘लोकप्रिय’ ही विशेषणे मात्र काढावीत, कारण ती लेखकाची मते आहेत. हे माझे मत झाले. ते लेखात घुसवण्याआधी चर्चा पानावर मांडणे मला बंधनकारक आहे.

दुसरे उदाहरण गावांच्या नावांचे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्यास केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर कुणी सगळ्या लेखांत सरसकट नवे नाव घालू लागला, कुणी सरसकट जुने परत आणू लागला, तर दोघांचेही अर्धे बदल चुकतात. आजच्या शहराबद्दल बोलताना आजचे नाव, आणि १९५० सालच्या घटनेबद्दल लिहिताना तेव्हाचे नाव, हवे तर कंसात आजचे, असे वाक्यागणिक ठरवता येते.

वाद पेटला की मी असे करतो. एकदा उलटवले आणि समोरच्याने परत आणले, तर दुसऱ्यांदा उलटवत नाही. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायला बंदी आहे. मला तीनसुद्धा फार वाटतात. लेख ‘चुकीच्या’ अवस्थेत सोडायला जिवावर येते, पण सोडतो आणि चर्चा पानावर जातो. तिथे आधी समोरच्याचे म्हणणे माझ्या शब्दांत लिहितो आणि विचारतो, ‘तुमचा मुद्दा हाच ना?’ निम्मे वाद इथेच निवतात, कारण आम्ही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतो. मग माझा मुद्दा, दाखल्यासह. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ हे वाक्य लिहायचे नाही. रात्री लिहिलेले उत्तर सकाळी वाचून मगच जतन करायचे.

दोघांचे जुळलेच नाही तर चावडीवर तिसऱ्याला बोलवा, पण आपलेच दोस्त गोळा करू नका. हात वर करून मोजणी करण्याचा हा मामला नाही. पाच जणांच्या ‘मला असे वाटते’पेक्षा एकाचा पक्का दाखला जड भरतो. मराठीत रोज लिहिणारी मंडळी मोजकी आहेत. आज ज्याच्याशी भांडलात तोच उद्या तुमच्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला येणार असतो.

ठरले की काय ठरले आणि का, हे चर्चा पानावर दोन ओळींत लिहून ठेवा. ती चर्चा पुसू नका, त्यातल्या दुसऱ्याच्या ओळी दुरुस्तही करू नका. सहा महिन्यांनी नवा कुणी ‘होते’चे ‘होता’ करील, तेव्हा त्याला त्या दोन ओळींचा दुवा द्या.