चेरोकी पूर्वज शोधताना या चुका टाळा

‘आमची खापरपणजी चेरोकी (अमेरिकेतील एक मूलनिवासी जमात) होती’ असे अमेरिकेतील असंख्य घरांत सांगितले जाते. नवखा संशोधक ही ऐकीव गोष्ट तपासत नाही, तिलाच पुरावा मानून पुढे निघतो.

सर्वांत मोठी फसगत गायन मिलर यांच्या नोंदींत, म्हणजे भरपाईचे दावे तपासण्यासाठी नेमलेल्या या अधिकाऱ्याकडे आलेल्या अर्जांत, होते. १९०६ नंतर पूर्वेकडील चेरोकींच्या वंशजांना भरपाई मिळणार म्हणून सुमारे ९० हजार व्यक्तींचे दावे आले आणि त्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा मान्य झाला. त्यामुळे अर्जदारांत नाव सापडले, तर पूर्वजाने पैसे मागितले होते एवढेच सिद्ध होते. एका कुटुंबाने पणजोबांचा अर्ज क्रमांक वंशवृक्षावर ठळक छापून नातेवाइकांत वाटला होता. अर्ज मात्र कोणीच उघडला नव्हता. मी संपूर्ण फाइल मागवून वाचली, तेव्हा तो फेटाळलेला निघाला, आणि आतमध्ये पणजोबांनी स्वतःच लिहिले होते की, आजी चेरोकी असल्याचे वडिलांकडून ऐकले आहे. ज्या कागदाला हे कुटुंब पुरावा मानत होते, त्यात त्यांचीच दंतकथा तीन पिढ्या आधी नोंदवलेली होती. म्हणून मी आधी निकाल वाचते आणि मगच अर्जातील पूर्वजांना १८३५ ची जनगणना, १८५१ ची ड्रेनन यादी (पश्चिमेला गेलेल्या चेरोकींची) आणि १८५२ ची चॅपमन यादी (पूर्वेत राहिलेल्यांची) यांत शोधते.

डॉझ यादीत, म्हणजे सरकारने केलेल्या जमातीच्या सदस्यांच्या अधिकृत यादीत, आडनाव जुळले की काम संपले, ही घाई मला अजिबात मान्य नाही. ती यादी इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, राहणाऱ्यांची आहे. १९०० च्या जनगणनेत तुमचे पूर्वज अलाबामात शेती करताना दिसत असतील, तर यादीतला माणूस बहुधा दुसराच आहे. शिवाय तिच्यात विवाहसंबंधाने आलेले गोरे आणि मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज यांचे स्वतंत्र विभाग आहेत, तेही पाहावे लागतात.

डीएनए चाचणी जमात ओळखू शकत नाही. ‘चेरोकी राजकन्या’ हा शब्दप्रयोग तर सोडूनच द्यावा, कारण चेरोकींत राजघराणे नव्हते.

१८३८ मध्ये सरकारने चेरोकींना पूर्वेकडून इंडियन टेरिटरीत सक्तीने हलवले. ‘त्या स्थलांतरात ते डोंगरात लपले, म्हणून नोंद नाही’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. काही जण खरोखर मागे राहिले, पण त्यांच्याही याद्या पुढे झाल्या. मी जिवंत व्यक्तीपासून मागे जाते, प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह किंवा मृत्यूचा दाखला जोडते, आणि जिथे दुवा तुटतो तिथे वंशवृक्षावर ‘असिद्ध’ असे स्पष्ट लिहिते.