इंदूरच्या घरात आवाज न करणारा, खिशाला परवडणारा स्टोरेज सर्व्हर

घरातल्या सर्व्हरचा (म्हणजे सगळ्या फाइल ठेवायला सतत चालू राहणाऱ्या संगणकाचा) त्रास पंख्यापेक्षा डिस्कचा जास्त होतो. पंख्याची एकसुरी घरघर तासाभरात कानाआड होते, पण डिस्कची कटकट रात्री दोन वाजता भिंतीपलीकडे ऐकू येते. म्हणून खरेदीची यादी प्रोसेसरपासून सुरू करू नका. डिस्क किती, केवढ्या आणि त्यांतल्या एका वेळी किती फिरणार, हे आधी ठरवा.

त्यासाठी डेटा मोजा. फोनमधले फोटो, लग्नाच्या डीव्हीडी, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं, स्कॅन केलेले कागद, सगळं एका ठिकाणी किती होतं ते बघा आणि त्याच्या दुप्पट जागा धरा. दीड-दोन टीबी भरत असेल तर ४ टीबीच्या दोन डिस्क पुरतात. (४ टीबीची डिस्क लावल्यावर संगणक ३.६३ दाखवतो. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने; दुकानदाराने फसवलेलं नसतं.) स्वस्त मिळाल्या म्हणून १ टीबीच्या चार जुन्या डिस्क जोडू नका. फिरणारी प्रत्येक डिस्क ४-५ वॉट खाते, आणि एकाच कॅबिनेटमधल्या डिस्कच्या वेगात किंचित फरक असला की चढउतार होणारी घूं-घूं सुरू होते. ती कुठल्याही पंख्यापेक्षा वाईट.

डिस्क घेताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, ती सीएमआर आहे का, म्हणजे तिचे ट्रॅक एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी आहेत का. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मोठी कॉपी चालू असताना वेग कोसळतो आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत) पुन्हा बांधताना ती मान टाकते. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या रेड प्लस आणि सीगेटच्या आयर्नवुल्फ डिस्क सीएमआर आहेत. डब्ल्यूडीच्याच नुसत्या ‘रेड’ नावाच्या २ ते ६ टीबीच्या बऱ्याच डिस्क एसएमआर निघाल्या, त्यावरून २०२० मध्ये मोठा गदारोळ झाला होता. सिल्व्हर मॉल असो की आणखी कुठलं दुकान, ‘भिया, सब एक ही है’ असं ऐकू आलं की पूर्ण मॉडेल नंबर टिपून घ्या, घरी कंपनीच्या तक्त्यात बघा, मगच पैसे द्या. सीरियल नंबरवरून भारतातली वॉरंटीही त्याच वेळी तपासा. दुसऱ्या उपकरणातून काढलेल्या डिस्कवर ती दिसत नाही.

दुसरी गोष्ट, वेग. शांततेसाठी ५४०० आरपीएम (मिनिटाला फेरे). लेबलवर ‘५४०० क्लास’ लिहिलेल्या ८ टीबी आणि वरच्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० नेच फिरतात. डब्ल्यूडीच्या हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क रिकाम्या बसल्या तरी दर पाच सेकंदांनी ‘टुक’ करतात. तो बिघाड नाही, त्यांची रचनाच तशी आहे. पण झोपायच्या खोलीशेजारी नको.

आता मुख्य निर्णय. दोन डिस्क आल्या की बहुतेक जण रेड १ म्हणजे मिरर करतात: प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. घरासाठी आमचं मत वेगळं आहे: मिरर करू नका. पहिली डिस्क कामाची, दुसरी दिवसभर झोपलेली. रात्री तीनला दुसरी उठेल, दिवसभरात बदललेल्या फाइल उतरवून घेईल आणि वीस मिनिटांनी पुन्हा झोपेल. आवाज एकाच डिस्कचा, उष्णता एकीचीच, आणि चुकून काढून टाकलेला फोल्डर दुसऱ्या डिस्कवर शाबूत. मिररमध्ये तो त्याच क्षणी दोन्हीकडून गेला असता. पहिली डिस्क अचानक गेली तर फार तर एका दिवसाचं काम जातं. दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्याला हे चालणार नाही, त्याने मिररच करावा. फोटोंना पुरतं.

यात एक सापळा आहे. रात्रीची कॉपी करणाऱ्या आरसिंक या प्रोग्राममध्ये ‘डिलीट’ (मूळ जागी नसलेल्या फाइल प्रतीतूनही काढणं) चालू ठेवलं आणि एखाद्या रात्री पहिली डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही, तर आरसिंक चालवणाऱ्या स्क्रिप्टला तिथे रिकामा फोल्डर दिसतो. मग ती इमानदारीने दुसरी डिस्कही रिकामी करते. त्यामुळे पहिल्या डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा आणि ती सापडली तरच कॉपी सुरू होईल अशी अट स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत घाला. आरसिंकवरच चालणारा आरस्नॅपशॉट हा प्रोग्राम वापरलात तर सात दिवसांच्या आणि चार आठवड्यांच्या जुन्या प्रती फारशी जास्त जागा न खाता राहतात.

बाकीच्या मशीनवर पैसे उधळायची गरज नाही. ऑफिसातून निघालेला सातव्या किंवा आठव्या पिढीचा आय-५ पीसी आणि ८ जीबी रॅम भरपूर झाली; व्हिडिओ टीव्हीवर पाठवायचे असतील तर सातव्या पिढीच्या खाली जाऊ नका, १०-बिट एचईव्हीसी हा व्हिडिओचा प्रकार तिथून पुढे चालतो. मिनी टॉवर बघा. बुटक्या एसएफएफ कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कची जागा बऱ्याचदा एकच असते. दुकानातच झाकण उघडून साटाचे (डिस्क जोडायचे) पोर्ट आणि पॉवरची टोकं मोजा, कारण या ब्रँडेड पीसींचा पॉवर सप्लाय आणि त्याची जोडणी बऱ्याचदा त्यांची स्वतःचीच असते, बाजारातला साधा सप्लाय बसत नाही. टोक कमी पडलं म्हणून ओतीव प्लास्टिकचा मोलेक्स-टू-साटा जोड (जुन्या चार पिनांच्या पॉवरच्या टोकाला साटा डिस्क जोडणारा) लावू नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून तो जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा दाबून बसवलेला, मागून उघडता येणारा जोड घ्या.

नवंच घ्यायचं तर इंटेल एन१०० चा बोर्ड. त्याला प्रोसेसरचा पंखा लागत नाही, पण साटा पोर्ट बऱ्याचदा एक किंवा दोनच असतात आणि रॅमची जागाही एकच.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी १२० जीबीची साधी एसएसडी लावा. ती मोठ्या डिस्कवर टाकलीत तर लॉग (सिस्टिमच्या नोंदी) लिहिण्यासाठी डिस्क रात्रभर जागी राहील आणि सगळी योजना फुकट. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून या कामाला ओपनमीडियाव्हॉल्ट सोपं पडतं. झेडएफएस ही फाइल-सिस्टिम आणि मिरर हवाच असेल तर ट्रूनॅस.

आता कॅबिनेट. डिस्क लोखंडाला थेट स्क्रूने आवळली की अख्खं कॅबिनेट थरथरतं. रबरी वॉशरमधून स्क्रू घाला आणि फार पिळू नका. त्याहून शांत उपाय म्हणजे शिवणकामाचं २० मिमी रुंद इलॅस्टिक. सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खणात त्याचे दोन फेरे आडवे ताणून बांधायचे आणि प्रत्येक फेऱ्याला एक पीळ देऊन त्या पिळात डिस्क अडकवायची. डिस्क अधांतरी राहते आणि कटकट जवळजवळ नाहीशी होते. उन्हाळ्यात इलॅस्टिक सैल पडतं, ते दरवर्षी बदला, आणि कॅबिनेट हलवण्याआधी डिस्क काढून घ्या.

पंखा १२० मिमीचा, चार पिनांचा, डिस्कच्या समोर, ६०० ते ८०० आरपीएमवर. ब्रँडेड पीसीचा मूळ पंखा काढला तर सुरू होताना ‘फॅन फेल्युअर, एफ-१ दाबा’ असं म्हणत मशीन थांबू शकतं. स्क्रीन नसलेला सर्व्हर तिथेच अडकून बसेल. मूळ पंखा राहू द्या, नवा जोडीला लावा.

जागा निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद खोलीत ३६ सहज होतात आणि डिस्क त्याच्या आठ-दहा अंश वर चालते. ४५ पर्यंत ठीक, ५० ला इशाऱ्याचा ईमेल यावा असं लावा. माळ्यावर ठेवू नका, गरम हवा तिथेच साचते. स्टीलच्या कपाटावर तर नकोच, ते ढोलासारखं घुमतं. जड लाकडी टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर वर, खाली जाड रबराचा तुकडा आणि मागे चार बोटं मोकळी जागा. मागच्या रिकाम्या फटीही जाळीने बंद करा, नाहीतर पाल आत शिरते.

विजेचा हिशेब सोपा आहे. २५ वॉटचं मशीन महिन्याला १८ युनिट जाळतं; युनिटला आठ रुपये धरले तरी १४४ रुपये. वीज गेल्यावर काय होतं ते मात्र नीट तपासा. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तोच निवडा, साध्या मोडमध्ये बदल होताना मशीन बंद पडू शकतं. वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस घेतलात तर यूएसबी पोर्ट असलेला घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्यायही आठवणीने निवडा.

डेटा टाकण्याआधी डिस्क तावूनसुलाखून बघा. स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-तपासणीची) लांब चाचणी, मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची लिहून-वाचून तपासणी. ४ टीबीला ही दुसरी तपासणी अडीच-तीन दिवस घेते आणि डिस्कवरचं सगळं पुसते. नंतर स्मार्टच्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या (खराब झालेल्या जागा मोजणाऱ्या) क्रमांकांसमोर शून्य हवं. एकही आकडा दिसला तर डिस्क लगेच बदलून घ्या. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला, बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. गिगाबिट लॅनवरून ताशी साधारण ४०० जीबी जातात, म्हणून पहिली भरती रात्री लावून झोपा. वायफायवरून करू नका.

दोन डिस्क एकाच खोक्यात आहेत, म्हणजे चोरी झाली किंवा वीज पडली तर दोन्ही जातात. महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर तिसरी प्रत काढून ती देवासला काकांकडे किंवा पुण्याला बहिणीकडे ठेवून द्या. आणि दोन्ही डिस्कच्या दर्शनी कडेला सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहिलेली चिकटपट्टी लावा. बिघडलेली डिस्क काढताना घाईत चांगलीच हातात येते.